पाच हात कापड

गेल्या डिसेंबरात वाशीमच्या बाजारात टॉवेल घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं काही न विचारता दोन गठ्ठे पुढे सरकवले. "सोलापुरी दाखवू का टर्किश?" मी सहज म्हणालो, "आपल्या वाशीमचं काही नाही का?" तो हसला. म्हणाला, "वाशीमात कुठचा टावेल भाऊ? इथं कापूस होते, कापड नाई होत."

आजच्या हिशोबानं त्याचं म्हणणं बरोबर होतं. अडीचशे वर्षांपूर्वी मात्र ते कुणी ऐकून घेतलं नसतं. 1769 साली माधवराव पेशवे आणि नागपूरचे जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. त्यातल्या एका कलमानुसार भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल पाच ते सहा हजार रुपये किमतीचं कापड द्यायचं होतं, आणि ते वाशीम आणि बाळापूरच्या मागांवर विणलेलं असायला हवं होतं. वऱ्हाडचे तेव्हा दोन भाग मानले जात. पूर्णेच्या खोऱ्यातला सखल प्रदेश म्हणजे पयनघाट, आणि अजिंठ्याच्या रांगेवरचं पठार म्हणजे बालाघाट. पयनघाटात कापडासाठी बाळापूर प्रसिद्ध होतं, बालाघाटात वाशीम. निजाम आणि भोसले यांची दोअमली, मधूनमधून पेंढाऱ्यांची लूट, असा तो काळ. तरी माग चालू होते.

तहाच्या कलमात कापडाचे प्रकार सापडत नाहीत म्हणून इतिहासकार पुढे सरकतात. पागोटी, धोतरं, शेले, लुगडी एवढं लिहिलं की त्यांचं काम भागतं. मला मात्र रोजच्या, सगळ्यात हलक्या कापडाबद्दल लिहायचं आहे. आंघोळ झाल्यावर अंग पुसायचं ते कापड. दरबारात त्याची नोंद कुणी ठेवली नाही, आणि त्याच्याशिवाय पौष-माघातली एक सकाळही कुणाची निभली नाही.

या कापडाच्या नावांतच बराच इतिहास बसला आहे. पंचा म्हणजे पाच हात लांबीचं कापड, हिशोब सरळ आहे. रुमाल फारसी, 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा. मराठीत आल्यावर तो डोक्यालाही बांधला गेला आणि दप्तरही झाला. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांतच बांधलेले असत. लुंगीसुद्धा फारसीतून आली. इराणच्या हमामात कमरेला गुंडाळायच्या कापडाला आजही लुंग म्हणतात. टुवाल आणि उर्दूतला तौलिया हे दोघं पोर्तुगीज 'तोआल्या'ची मुलं. टॉवेल इंग्रजीतून आला. एकट्या अंग पुसण्यासाठी आपण चार-पाच भाषांची उसनवारी केली. मध्ययुग म्हणजे फक्त लढाया, असं शाळेत शिकून आलेल्यांनी आपली न्हाणी एकदा शब्दकोश घेऊन पाहावी.

हमाम हा शब्द तर मला लहानपणापासून बुचकळ्यात टाकायचा. आमच्या घरात न्हाणीला हमाम म्हणत. कारंज्याजवळच्या आमच्या गावातला हा हमाम म्हणजे परसातल्या भिंतीला टेकवलेले तीन पत्रे, खाली एक शहाबादी फरशी, दाराच्या जागी गोणपाट. पुढे बुऱ्हाणपूरला शाही किल्ल्यातला मोगल हमाम पाहिला आणि या एका शब्दानं किती मोठी घसरण पचवली ते कळलं.

बाबरानं आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानबद्दल जी तक्रारींची यादी दिली आहे, तिच्यात इथं हमाम नाहीत हीही एक तक्रार आहे. थंड मुलखातून आलेल्या माणसाला ते खटकणारच. गंमत अशी की, हे आत्मचरित्र 1589च्या सुमारास तुर्कीतून फारसीत आणणारा अब्दुल रहीम खानखाना पुढे दख्खनच्या मोहिमांवर येऊन बुऱ्हाणपूरला राहिला. तिथल्या भूमिगत पाणीयोजनेचं, कुंडी भंडाऱ्याचं काम 1615 सालचं सांगतात, म्हणजे त्याच्याच काळातलं. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी शहरात आणलं होतं. बुऱ्हाणपूर वऱ्हाडच्या शिवेला लागून आहे. 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बासीम, म्हणजे आपलं वाशीम, आहे. पण अशी हमामं बांधली गेली ती राजधानीच्या शहरांत. आमच्या पठारावर त्यातला फक्त शब्द पोहोचला.

त्या हमामाची खरी हुशारी गरम पाण्यात नव्हती, ती खोल्यांच्या क्रमात होती. कपडे उतरवायची खोली वेगळी, नंतर बेताच्या उबेची, नंतर गरम. जमिनीखाली जाळ, भिंतीत मातीचे नळ. आंघोळ संपली की माणूस पायरीपायरीनं बाहेर यायचा. गरम खोलीतून मधल्या खोलीत, तिथं अंग कोरडं करायचं, कोरडी लुंग गुंडाळायची, बसायचं, आणि मग कपडे. ओलं अंग थेट वाऱ्यावर कुठंच येत नाही. ज्यानं कधी जानेवारीत फजरच्या आधी पत्र्याच्या न्हाणीतून अंगण ओलांडून घरात धाव घेतली आहे, त्याला ही मधली खोली म्हणजे काय चीज आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

वाशीम समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो, थंडी कुणाला माहीत नसते. घरंही उन्हाळ्याच्या धाकानंच बांधलेली: उंच छत, मोकळं अंगण, आणि पाण्याशी संबंध असलेलं सगळं बाहेर.

पाणी तापवायचं काम पऱ्हाटीचं. कापूस वेचून झाला की उभ्या पऱ्हाट्या उपटून पेंढ्या बांधायच्या आणि वर्षभराचं सरपण रचायचं. तुराट्याही त्यातच. पऱ्हाटी पेटते लवकर आणि विझतेही लवकर, म्हणून चुलीपुढून हलता येत नाही. ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडे तांब्याचा बंब असे. हा शब्दही पोर्तुगीजांचाच, 'बोंबा' म्हणजे पंप. आगीचा बंब आणि पाण्याचा बंब हे त्यामुळे एकाच नावाचे, एक आग विझवणारा, दुसरा पोटात आग बाळगणारा. मधोमध धुराड्याची नळी, खाली जाळी, भोवती पाणी. लाकडाची बचत करणारं याच्याइतकं शहाणं भांडं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे बंब नव्हता. भगुणं होतं, काळं ठिक्कर.

भगुण्यातलं पाणी कुणाला किती, याचा एक अलिखित कायदा होता. आधी दादा, मग अब्बा आणि काका, मग शाळेत जाणारी मुलं, मग मुली. बायका शेवटी. त्यांच्यापर्यंत येईतो पऱ्हाटी विझलेली असायची आणि भगुण्यात कोमट म्हणावं असंही पाणी नसायचं. ज्या चुलीपुढं बसून पाणी तापवायच्या, त्यांचाच नंबर सगळ्यात शेवटी. हा कायदा आमच्याच घरात होता असं समजू नका. शेजारी देशमुखांच्या वाड्यात बंब होता, तिथंही हीच रांग होती.

आता अंग पुसण्याच्या शास्त्राकडे येतो, कारण पुढची गोष्ट त्याच्याशिवाय नीट कळणार नाही.

जे. बी. एस. हाल्डेन हा इंग्रज जीवशास्त्रज्ञ 1957 साली भारतात आला, इथलाच झाला आणि 1964 साली भुवनेश्वरला वारला. प्राण्यांच्या आकारावर त्यानं 1926 साली एक निबंध लिहिला होता. त्यात त्यानं हिशोब मांडला की, आंघोळ करून बाहेर आलेला माणूस अंगावर पाण्याचा जो पातळ थर घेऊन येतो, त्याचं वजन साधारण एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम असतं. भिजलेला उंदीर जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी घेऊन फिरतो. प्राणी जितका लहान, तितका हा बोजा मोठा.

यापुढचा हिशोब मी केला. एक ग्रॅम पाणी अंगावरून वाळायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते. साडेचारशे ग्रॅमना झाल्या दोन लाख साठ हजार. तेवढ्या उष्णतेत 20 लिटरची बादली 13 अंशांनी तापते. सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, काही हवेतूनही येते. पण मोठा वाटा अंगाचाच. भगुण्याखाली तासभर पऱ्हाटी जाळून जी ऊब कमावली, ती न पुसता बाहेर आलेला माणूस अंगणात उधळून टाकतो. पंच्यानं पुसलं तर तेच पाणी उष्णता न घेता निघून जातं. घरातली म्हातारी माणसं 'आधी डोकं पूस' म्हणून मागे लागायची. डोक्यावर पाणी सगळ्यात जास्त अडकतं आणि सगळ्यात उशिरा वाळतं, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं.

पातळ पंच्याची एक रीत आहे, ती टॉवेलवाल्यांना ठाऊक नसते. आधी हातानं अंगावरचं पाणी निथळून टाकायचं, पंच्यानं पुसायचं, पिळायचं, पुन्हा पुसायचं. पिळलेला पंचा ओला असला तरी अंगावरचं पाणी ओढतो. दोन पिळण्यांत काम होतं, आणि तारेवर टाकला की तासाभरात वाळतो. मात्र नवा पंचा काही कामाचा नाही. कोऱ्या सुतावर कापसाचं मेण आणि माग्याची खळ असते, पाणी त्यावरून घसरतं. दहा-बारा धुण्यांनंतर तो खरा पंचा होतो. पावसाळ्यात जाड टॉवेल चार-चार दिवस दमट राहतो आणि त्याला कुबट वास येतो. त्या चार महिन्यांत मी अजूनही पंच्याच्याच बाजूचा आहे.

धर्मग्रंथांतही हा विषय आला आहे. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. पैगंबरांनी (स.) गुस्ल केल्यावर हजरत मैमूना यांनी अंग पुसायला कापड पुढे केलं, त्यांनी ते घेतलं नाही, हातानंच पाणी निथळून टाकलं. दुसऱ्या काही कथनांत कापडानं पुसल्याचे उल्लेखही आहेत. यावर फकीहांनी पानंच्या पानं लिहिली. बहुतेकांचा निष्कर्ष, पुसलं तरी चालतं. अरबस्तानच्या उन्हात ओलं अंग सुखाचं असतं, बालाघाटच्या पौषात नसतं. हा फरक ज्यांनी विचारात घेतला, त्यांचं मला जास्त पटतं.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग अम्र बिन अल-आस यांचा आहे. जातुस्सलासिलच्या मोहिमेवर असताना कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांच्यावर गुस्ल वाजिब झालं. थंड पाण्यानं आंघोळ केली तर जीव जाईल, या भीतीनं त्यांनी तयम्मुम केलं, म्हणजे कोरड्या मातीवर हात टेकवून चेहरा आणि हात पुसले, आणि साथीदारांना नमाज पढवली. परत आल्यावर तक्रार झाली. त्यांनी कुरआनातल्या 'स्वतःचा जीव घेऊ नका' या आज्ञेचा हवाला दिला. पैगंबर हसले आणि काही बोलले नाहीत.

माझ्या दादीला ही हदीस माहीत होती. मला तिनंच सांगितली, पण फार उशिरा, तिची पंचाहत्तरी उलटल्यावर. ती लग्न होऊन आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. नव्या सुनेला फजरच्या आधी गुस्ल करावं लागायचं, आणि ते घरात कुणाला कळता कामा नये असा दंडक. आंघोळ केल्याचं कळलं म्हणजे का केली तेही कळलं. म्हणजे चूल पेटवायची नाही, कारण धूर दिसेल. पाणी तापवायचं नाही. रांजणातलं गार पाणी, अंधारात, आवाज न करता, तांब्यानं. केस पुसायला पंचा घेतला तर तो सकाळी दोरीवर दिसेल. म्हणून ओढणीनंच पुसायचे, आणि तीच ओली ओढणी डोक्यावर घेऊन चुलीपुढं बसायचं. केस मोकळे सोडून वाळवायची सोय नाही. ते दिवसभर ओढणीखाली ओलेच. दादीला दरवर्षी हिवाळ्यात ताप यायचा, कान दुखायचे, एका कानानं ती शेवटपर्यंत कमीच ऐकायची. हे सांगताना ती हसत होती. म्हणाली, "मातीपे हात मारने की इजाजत थी बेटा. पर सासूकू कौन बोलता?"

शरियतनं दिलेली सवलत घरानं तिच्यापर्यंत पोहोचूच दिली नाही. आमच्या मौलवींचं इथंच चुकतं असं मला वाटतं. मशिदीच्या वजूखान्यात पुरुषांसाठी गरम पाण्याची सोय झाली, आता तर सौर हीटर आले, जुम्म्याच्या बयानात त्यासाठी वर्गणीचं आवाहन होतं. घरातल्या सुनेच्या गरम पाण्याबद्दल, तिच्या ओल्या केसांबद्दल एक बयान मी अजून ऐकलेलं नाही. आणि हे दुखणं फक्त मुस्लिम घरांचं नाही. वाशीमच्या पद्मतीर्थावर किंवा कुठल्याही घाटावर पहाटे ओलेत्यानं कुडकुडणाऱ्या बायका पाहिल्या की दादी आठवते. घाट बांधणाऱ्यांनी पायऱ्या बांधल्या, देवळं बांधली. कोरडं लुगडं नेसायला आडोसा बांधायचं फार थोड्यांना सुचलं.

सण असला की मात्र दादीची चैन असायची. ईदच्या आदल्या दिवशी दुपारच्या उन्हात न्हाणं, मग शेगडीत निखारे, त्यावर लोबान, वर बांबूची टोपली उपडी, आणि तिच्यावर केस पसरून ती खाटेवर आडवी. केस वाळायचे आणि सुगंधीही व्हायचे. हमामातली ती मधली उबदार खोली आमच्या घरात अवतरायची ती वर्षातून अशी एक-दोनदा.

पुन्हा मागांकडे येऊ. पेशव्यांना कापड पाठवणाऱ्या वाशीमचं पुढे काय झालं?

1850च्या सुमारास हेन्री ख्रिस्ती नावाचा एक इंग्रज तुर्कस्तानात फिरत होता. तिथल्या हमामात त्याला एक कापड दिसलं, ज्याच्या दोन्ही अंगांना सुताचे बारीक फासे उभे होते. तुर्की भाषेत त्याला हावलू म्हणतात, म्हणजे लव असलेलं. बुर्सा शहर त्यासाठी नावाजलेलं. ताण्याचे दोन संच लावायचे, एक घट्ट, एक सैल. बाणा ठोकला की सैल ताण्याचे फासे वर येतात. त्यामुळे कापडाचा पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि फाशांमधल्या पोकळीत हवा राहते म्हणून ते गुंडाळलं तर ऊबही देतं. पुसणं आणि पांघरणं ही दोन्ही कामं एकाच कापडात. ख्रिस्ती नमुना घेऊन मँचेस्टरजवळच्या आपल्या कौटुंबिक गिरणीत गेला. तिथं सॅम्युएल होल्टनं ते यंत्रावर विणायची युक्ती काढली आणि 1851च्या लंडनच्या महाप्रदर्शनात टर्किश टॉवेल मांडला गेला. व्हिक्टोरिया राणीला तो आवडला आणि धंदा चालला. (हाच ख्रिस्ती नंतर फ्रान्समध्ये अश्मयुगीन गुहा उकरत बसला. टॉवेलच्या पैशावर.)

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1853 साली, कंपनीनं निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस 'ऊमरा' नावानं विकला जाऊ लागला. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून. 1870 साली व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे सुरू करायला स्वतः आला. मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यानं त्याच सुमारास सरकारला जे लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: रेल्वे आली की विलायती कापड इथं देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल, मग इथं सुताला लागणारा कापूसही निर्यातीला मोकळा होईल, आणि सूतकताई-विणकामातली माणसं शेतमजुरीला मिळतील. इतक्या सरळपणे लिहिलेलं सरकारी पत्र दुर्मीळच.

तसंच झालं. वऱ्हाडात कोष्टी विणायचे, साळी विणायचे, जाडंभरडं कापड महार विणायचे. त्यातले बहुतेक विळा-खुरप्याकडे वळले. वाशीम बासीम नावानं जिल्हा झालं, 1905 साली अकोल्यात विरून गेलं, आणि 1 जुलै 1998ला पुन्हा जिल्हा म्हणून वर आलं. या सगळ्या काळात कारंज्याचा कापूसबाजार मोठा होत गेला. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज शकुंतला कारंज्यावरूनच जायची. तिचं मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994पर्यंत धावत होतं. लहानपणी आम्ही तिच्या बाजूनं पळायचो. कापूस बाहेर नेण्यासाठी घातलेली ती लाइन होती, हे तेव्हा कोण सांगणार?

टॉवेल आमच्याकडे परत आला तो सोलापूरवरून. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आणि त्यांच्या बरोबरीच्या कारागिरांनी तिथं चादर आणि टेरी टॉवेल असे नावारूपाला आणले की, भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या वस्तूंत ते दोन्ही आहेत. आणि ख्रिस्तीची ती इंग्रज कंपनी 2006 साली वेलस्पन या भारतीय कंपनीनं विकत घेतली. राणीचा टॉवेल आता आपलाच. तरी वाशीमचा दुकानदार 'टर्किश' म्हणूनच विकतो. गावात सत्काराला 'टॉवेल-टोपी' देतात, त्यातला टॉवेल तर इतका पातळ असतो की त्याला पंचा म्हटलेलं बरं.

हाल्डेनचा उंदीर मी मुद्दाम मागे ठेवला होता. लहान जिवाला ओल जास्त बाधते. दादीचं पहिलं मूल मुलगी होती. पौषात घरीच बाळंतपण झालं आणि जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घातलं, कारण तशीच रीत होती. रात्रीतून बाळाचं अंग गार पडत गेलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं. न्हाणंच कारण होतं असं मी म्हणणार नाही, त्या काळात बाळ जाण्याची कारणं घरोघरी होती. दादी मात्र आयुष्यभर तेच म्हणत राहिली. नंतरच्या पाच मुलांना आणि आम्हा सगळ्या नातवंडांना तिनं छट्टीपर्यंत पाणी लावू दिलं नाही. जुन्या धुवट पंच्यानं कोरडं पुसायची, डोक्याला टोपडं, दुसऱ्या पंच्यात घट्ट गुंडाळून आईच्या छातीशी. शेजारणी नावं ठेवायच्या.

1990च्या दशकात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या 39 गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. आजारी बाळाला इंजेक्शन देण्यापासून ते बाळ कोरडं आणि उबदार ठेवण्यापर्यंत सगळं त्यात होतं. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला होता. 2011पासून त्याच धर्तीवर देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात. जागतिक आरोग्य संघटनाही आता सांगते की, बाळाची पहिली आंघोळ निदान 24 तास पुढे ढकला. माझ्या मुलीच्या वेळी आशाताई घरी आल्या, पिशवीतून तापमापी काढली आणि हेच सांगू लागल्या. दादी कोपऱ्यात बसून ऐकत होती. एका कानानं का होईना, नीट ऐकलं तिनं. काही बोलली नाही, फक्त आशाताईंना दुसरा कप चहा द्यायला लावला.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतच, ती गेली. बाईच्या मय्यतीला बायकाच गुस्ल देतात, त्यामुळे माझ्याकडे पाणी तापवायचं काम आलं. बोरीची पानं टाकून मोठं भगुणं ठेवलं, परसात, पऱ्हाटीवर. गॅसवर ठेव, असं कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं नाही. पाणी कढत नको, कोमट हवं, म्हणून पुन्हा पुन्हा हात घालून पाहत होतो. पडद्याआड बादल्या जात होत्या. सगळ्यात आधी तिच्यासाठी भरलेलं भगुणं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

कफन चढवण्याआधी अंग कोरडं करावं लागतं, नाहीतर कफन भिजतं. पडद्याआडून फूफीनं हाक मारली, "सूखा कपडा दो रे, नरम देखके." घरात नवे टॉवेल होते, मी ते नेले नाहीत. तिच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यात वर एक पंचा होता, धुऊन धुऊन जाळीसारखा झालेला, घडी करून ठेवलेला. तो दिला. थोड्या वेळानं तो ओला होऊन बाहेर आला. मी पिळला आणि दोरीवर टाकला. कब्रस्तानातून परत आलो तोवर वाळला होता.